एस१८००० चा निरोप स्पिंडलपर्यंत पोचतो कसा?

अ‍ॅक्रिलिक कापताना कधी कधी एक गोडसर, डोक्यात जाणारा वास येतो. तो आला की समजायचं, बिट आता कापत नाहीये, वितळवतंय. मशीन थांबवून बघावं तर बिटभोवती पांढऱ्या प्लॅस्टिकची गुंडाळी आणि जॉबच्या कडेला तारा लोंबतायत. माझ्या पहिल्या सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या फाइलप्रमाणे कापणाऱ्या-कोरणाऱ्या मशीनवर, हे वर्षभर चाललं. कारण साधं होतं, स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, कायम मिनिटाला २४,००० फेऱ्यांवर. व्हीएफडी, म्हणजे स्पिंडलला वीज देऊन त्याचा वेग ठरवणारा ड्राइव्ह, त्यावर नॉब होता, तो पिळून वेग कमी करता यायचा. पण व्हीएफडी भिंतीवर, मशीन कोपऱ्यात आणि मी कॉम्प्युटरपाशी. नेमप्लेटची अक्षरं एका बिटनं कोरायची, बाहेरची कड दुसऱ्यानं कापायची, दर वेळी उठून नॉब कोण पिळणार? गंमत म्हणजे फाइलमध्ये प्रत्येक बिटसाठी योग्य वेग लिहिलेला होताच: एम३ एस१८०००, म्हणजे 'फिर, १८,००० फेऱ्यांनी'. सॉफ्टवेअर इमानेइतबारे लिहीत होतं, बोर्ड इमानेइतबारे वाचत होता, आणि पुढे तार जोडलेली नव्हती म्हणून निरोप तिथंच कुजत होता.

ती पुढची तार कशी जोडायची ते सांगतो. 'तार' म्हणालो खरा, पण हा निरोप चार जणांच्या तोंडून जातो. फाइलमधला आकडा कंट्रोलर बोर्ड वाचतो आणि त्याचे ठोके करतो. मधलं एक छोटं सर्किट त्या ठोक्यांचं व्होल्टेज करतं. व्हीएफडी त्या व्होल्टेजची फ्रिक्वेन्सी करतो. आणि स्पिंडल त्या फ्रिक्वेन्सीप्रमाणे फिरतो. प्रत्येकाची भाषा वेगळी, आणि प्रत्येकाला आपापलं कोष्टक आधी पढवून ठेवावं लागतं. म्हणून माझा एकच हट्ट असतो: एकाला निरोप नीट कळला का, हे मल्टिमीटरनं विचारायचं आणि मगच पुढच्याशी त्याची गाठ घालून द्यायची. स्पिंडल सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण सगळं एकदम जोडून बटण दाबतात. मग काहीच फिरत नाही किंवा भलतंच फिरतं, आणि चूक चौघांपैकी कोणाची ते शोधण्यात रविवार जातो.

उदाहरणाला माझीच जोडणी घेतो: अर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यात मशीन चालवणारा ग्रबल हा प्रोग्रॅम, वर तारा जोडायला सीएनसी शील्ड ही पट्टी, भिंतीवर ह्वानयांगचा २.२ किलोवॉटचा व्हीएफडी आणि २४,००० आरपीएमचा वॉटर-कूल्ड स्पिंडल. तुमचा बोर्ड वेगळा असेल किंवा ड्राइव्ह डेल्टाचा असेल, तर टर्मिनलची आणि पॅरामीटरची नावं बदलतील, साखळी हीच राहील. छोट्या ३०१८ मशीनवाल्यांचं प्रकरण सोपं आहे. तिथली ७७५ मोटर २४ व्होल्ट डीसीवर चालते आणि बोर्ड तिला स्वतःच मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून चालवतो. त्यांनी या लेखातला $३० या सेटिंगचा भाग तेवढा वाचावा.

४०० हर्ट्झची मोटर

शेतावरच्या मोनोब्लॉक पंपाची नेमप्लेट वाचली असेल तर २८८० हा आकडा ओळखीचा वाटेल. दोन पोलची इंडक्शन मोटर ५० हर्ट्झवर चालवली की आतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे मारतं. रोटर त्याच्या मागे धावताना थोडा मागे पडतो, म्हणून २८८०. हिशेब असा: १२० गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले पोल. आपला स्पिंडलही दोन पोलचाच. त्याला २४,००० फेरे मारायला लावायचे तर ४०० हर्ट्झ पाहिजेत, आणि महावितरण देतं ५०. व्हीएफडी काय करतो, तर घरातल्या २३० व्होल्ट सिंगल फेजचं आधी डीसी करतो, साधारण ३२५ व्होल्ट, आणि त्या डीसीचे बारीक तुकडे पाडून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचे तीन फेज तयार करतो.

आता यातली गोम. मोटरची वाइंडिंग करंटला जो अडसर करते, तो फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो. ४०० हर्ट्झला २२० व्होल्ट आरामात पचवणारी वाइंडिंग ५० हर्ट्झला जेमतेम अठ्ठावीस व्होल्ट मागते. आणि नवा व्हीएफडी खोक्यातून निघतो तेव्हा तो सहसा ५० हर्ट्झच्या साध्या मोटरसाठी लावलेला असतो. म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे ५० हर्ट्झला पूर्ण २२० व्होल्ट द्यायचे. आपल्या स्पिंडलला हे म्हणजे जवळजवळ शॉर्टच. नशीब चांगलं असेल तर ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप होतो. नसेल तर स्पिंडल हळूहळू फिरतो, घुमतो, तापतो, आणि माणूस म्हणतो, 'अरे, सुरुवातीला हळूच चालवून बघू.' हळू चालवणं म्हणजे सुरक्षित, हा आपल्या हाताला लागलेला नियम इथं नेमका उलटा पडतो. माझ्या ओळखीच्या एका सुतारानं कोरा करकरीत स्पिंडल असाच घालवला. वाइंडिंगचा जळका वास आला तेव्हा डिस्प्लेवर ५० लिहिलेलं होतं.

म्हणून पहिली पायरी: व्हीएफडीला फक्त इनपुटची वीज आणि अर्थिंग द्यायचं, स्पिंडलला जाणारी यू-व्ही-डब्ल्यू टर्मिनल रिकामी ठेवायची आणि बसून पॅरामीटर भरायचे. ह्वानयांगमध्ये आधी पीडी००५ म्हणजे कमाल फ्रिक्वेन्सी ४०० करा, मग पीडी००४ म्हणजे बेस फ्रिक्वेन्सी, जिथं पूर्ण व्होल्टेज द्यायचं ती, ४००. क्रम उलटा केला तर तो बेस ५० च्या पुढे घेऊ देत नाही. पीडी००८ मध्ये २२० व्होल्ट. पीडी१४१ आणि पीडी१४२ मध्ये स्पिंडलच्या अंगावर छापलेलं व्होल्टेज आणि करंट, पीडी१४३ मध्ये पोल, म्हणजे २. पीडी१४४ मध्ये ३००० टाका, २४,००० नाही. तो ५० हर्ट्झला किती फेरे एवढंच विचारतोय. तिथं चुकलात तर मोटरला काही होत नाही, डिस्प्लेवर मात्र विमानाच्या इंजिनाचे आकडे दिसायला लागतात.

पीडी०११ म्हणजे खालची मर्यादा, तिथं मी १२० ठेवतो. म्हणजे काहीही झालं तरी स्पिंडल ७२०० च्या खाली चालणार नाही. अगदी कमी वेगात या स्पिंडलला जोर नसतो. एअर-कूल्ड स्पिंडलचा पंखा शाफ्टवरच बसवलेला असेल तर थंडावाही मिळत नाही. पीडी०१४ आणि पीडी०१५ हे वेग घ्यायचे आणि थांबायचे सेकंद. थांबायचा वेळ फार कमी ठेवला तर फिरणारा रोटर उलटा जनरेटर होऊन ड्राइव्हच्या आतल्या डीसीवर वीज ढकलतो आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो. ती वीज जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर नसेल तर आठ-दहा सेकंद द्या.

एक ताकीद इथंच देतो. व्हीएफडी बंद केला तरी त्याच्या आतले कपॅसिटर भरलेले राहतात. ३२५ व्होल्ट डीसी हा घरातल्या लाइटपेक्षा वाईट झटका. मेन बंद करा, चार्जचा लाल दिवा विझू द्या, वर दहा मिनिटं चहाला जा आणि मग टर्मिनलला हात लावा.

बोर्ड बोलतो कसा

ग्रबल हे नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी २००९ मध्ये सुरू केलेलं फर्मवेअर. उनोच्या ३२ केबीच्या चिपमध्ये ते अख्खं मशीन चालवतं. पण उनोच्या पिनला दोनच गोष्टी येतात: ० व्होल्ट किंवा ५ व्होल्ट. मधलं काही येत नाही. मग 'अर्धा वेग' सांगायचा कसा? ग्रबल ती पिन सेकंदाला साधारण ९७६ वेळा चालू-बंद करतं. अर्धा वेग हवा तर प्रत्येक ठोक्यात अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद. तीन चतुर्थांश हवा तर त्या प्रमाणात. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात.

आता या ठोक्यांचं सलग व्होल्टेज कसं होतं? आपल्याकडे नळाला पाणी तासभरच येतं, पण गच्चीवर टाकी असली की न्हाणीघरातली धार दिवसभर सारखी पडते. कपॅसिटर ही टाकी आणि रेझिस्टर हा तिच्यात जाणारा बारीक पाइप. ठोके टाकीत जातात, बाहेर सरासरी येते. १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर अर्ध्या सेकंदात व्होल्टेज स्थिर होतं. टाकी आणखी मोठी केली तर धार आणखी सारखी पडेल, पण बदल पोचायला उशीर होईल. स्पिंडललाच वेग घ्यायला काही सेकंद लागतात, तेव्हा इथं अर्ध्या सेकंदानं कोणाचं अडत नाही.

पण त्याआधी बोर्डाला त्याचं कोष्टक पढवायचं. $३० म्हणजे पूर्ण ५ व्होल्ट किती आरपीएमला द्यायचे. ग्रबलमध्ये हा आकडा मुळात १००० असतो. तो बदलला नाही तर बोर्डाच्या दृष्टीनं एस८०००, एस१२०००, एस१८००० सगळे हजाराच्या वरचे, म्हणून सगळ्यांना पूर्ण ५ व्होल्ट. लोक तारा तपासत बसतात, मॉड्यूल बदलतात, आणि दोष या एका ओळीत असतो. $३०=२४००० करा.

$३१ म्हणजे किमान वेग. हा शून्यच ठेवा. इथं शहाणपणा करून ७२०० घालायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण ग्रबल मग आपली पट्टी ७२०० पासून सुरू करतं. एस१२००० ला ५ व्होल्टच्या निम्मे देण्याऐवजी २८ टक्केच देतं. व्हीएफडीची पट्टी शून्यापासूनच असते, त्यामुळे दोघांचा हिशेब जुळत नाही. खालची मर्यादा व्हीएफडीच्या पीडी०११ ला सांभाळू द्या. $३२ हे लेझरसाठी आहे, तेही शून्य.

आता सीएनसी शील्ड व्ही३ ची खोड. जुन्या ग्रबलमध्ये ११ नंबरची पिन झेडच्या, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या अक्षाच्या, लिमिट स्विचची (टोक आलं की थांबवणाऱ्या) होती आणि १२ नंबरची स्पिंडलची. ०.९ आवृत्तीपासून त्यांची अदलाबदल झाली, कारण उनोच्या चिपमध्ये पीडब्ल्यूएमची सोय १२ वर नाही, ११ वर आहे. शील्डवरची छपाई मात्र जुन्या नकाशाप्रमाणेच राहिली. म्हणून वेगाची तार 'स्पिंडल एनेबल' लिहिलेल्या पिनवर नाही, 'झेड एंडस्टॉप' लिहिलेल्या पिनवर लावायची, आणि झेडचा स्विच त्या एनेबलच्या पिनवर. पाटी एकीकडे, दुकान दुसरीकडे. मी शील्डवर मार्करनं खाडाखोड करून ठेवली आहे.

आता मीटर लावा. बाकी काही जोडलेलं नाही, फक्त बोर्ड आणि यूएसबी. मीटर डीसी व्होल्टवर, लाल टोक ११ नंबरवर, काळं ग्राउंडवर. एम३ एस१२००० पाठवा, अडीचच्या आसपास आलं पाहिजे. एस२४००० ला पाचच्या आसपास, एम५ ला, म्हणजे 'थांब' म्हटल्यावर, शून्य. साधा मीटर सरासरीच दाखवतो, त्यामुळे टाकी नसतानाही हे आकडे दिसतात. यूएसबीवर पूर्ण पाचऐवजी ४.७ दिसले तर दचकू नका, पण लक्षात ठेवा.

पाचाचे दहा

व्हीएफडीला ० ते १० व्होल्टची भाषा कळते. ५ व्होल्टच पाठवले तर तो बापडा त्याला अर्धा वेग समजतो. ह्वानयांगमध्ये पीडी०७० बदलून ० ते ५ व्होल्टही चालवता येतं, आणि मग मधलं सर्किट आणखी सोपं होतं. तरी मी दहालाच चिकटलो. १० व्होल्टच्या पट्टीवर एक व्होल्ट म्हणजे ४० हर्ट्झ, म्हणजे २४०० फेरे. ५ व्होल्टच्या पट्टीवर तोच व्होल्ट ४८०० फेऱ्यांचा होतो. तारेत कुठूनतरी शिरलेला विजेचा गोंगाटही तितकाच दुप्पट दिसतो, आणि राउटरच्या पॅनेलमध्ये गोंगाटाला तोटा नाही.

पाचाचे दहा करायला एलएम३५८ हा ऑपअँप (सिग्नल वाढवणारा आयसी) आणि दोन सारखे रेझिस्टर पुरतात. सारखे घेतले की बरोबर दुप्पट होतं. फक्त त्याला १२ व्होल्टचा सप्लाय द्या. हा ऑपअँप सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच थांबतो. बाराला साडेदहापर्यंत जाईल, पाचावर चालवला तर साडेतीनाच्या पुढे जाणार नाही. पाच व्होल्टचा सप्लाय जोडून 'आयसी खराब आहे' म्हणत दुकानात परत येणारे पाहिलेत.

सोल्डरिंगचा कंटाळा असेल तर तयार मॉड्यूल मिळतं, पीडब्ल्यूएम घेऊन ० ते १० व्होल्ट देणारं. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, किंवा ऑनलाइन मागवा. त्यावर एक जंपर असतो, येणारा सिग्नल ५ व्होल्टचा की २४ व्होल्टचा हे सांगणारा, आणि निळ्या डबीतला एक पितळी स्क्रूचा प्रीसेट. मॉड्यूलचं आउटपुट अजून व्हीएफडीला लावायचं नाही. मीटरवर लावा, एस१२००० पाठवा आणि बारीक स्क्रूड्रायव्हरनं प्रीसेट फिरवत ५.०० आणा. मग एस६००० ला २.५ आणि एस१८००० ला ७.५ येतात का बघा. एका टोकाला जुळतं आणि दुसऱ्याला घसरतं असं असेल तर जंपर चुकलाय किंवा सप्लाय कमी पडतोय. ऑपअँपवालं सर्किट केलं असेल तर कॅलिब्रेशन त्याच सप्लायवर करा ज्यावर बोर्ड रोज चालणार आहे. लॅपटॉपचे ४.७ आणि अडॅप्टरचे ५.१ यात फरक पडतो.

इथून निरोप व्हीएफडीच्या दारात. मॉड्यूलचं आउटपुट व्हीआय टर्मिनलला, ग्राउंड एसीएमला. शेजारी १० व्होल्ट लिहिलेलं टर्मिनल असतं, त्याला काही जोडायचं नाही. ते बाहेरचा पॉट, म्हणजे नॉब, लावणाऱ्यांना व्हीएफडीनं दिलेलं व्होल्टेज आहे. अनेक मॉडेलवर आत एक छोटा जंपर असतो, व्हीआर आणि व्हीआय यांच्यामधला. तो व्हीआरवर राहिला तर ड्राइव्ह पॅनेलवरच्या नॉबचंच ऐकत बसतो. पीडी०७० शून्य, पीडी०७२ म्हणजे १० व्होल्टला किती हर्ट्झ, तिथं ४००, आणि पीडी००२ एक. आता वेग बाहेरून.

ग्रबल उनोवर वेगाच्या २५५ पायऱ्या करतं, म्हणजे एक पायरी साधारण ९४ फेऱ्यांची. लाकडाला याचं सोयरसुतक नसतं.

एक गोष्ट मात्र स्वस्तात सोडू नका. बोर्डाचं ग्राउंड यूएसबीतून कॉम्प्युटरला, कॉम्प्युटर तीन पिनच्या प्लगमधून अर्थला आणि दुसरीकडे व्हीएफडीचं एसीएम. असं भलं मोठं वेटोळं तयार होतं आणि त्यातून नको ते करंट फिरतात. लॅपटॉप बॅटरीवर असताना सगळं गोड चालतं आणि चार्जर लावला की बोर्ड अडकतो, हे याचंच लक्षण. मॉड्यूल ऑप्टोकप्लरवालं, म्हणजे तार न जोडता प्रकाशातून सिग्नल पोचवणारं, घ्या आणि त्याला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर द्या. त्या अडॅप्टरचं ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडलंत तर ऑप्टोकप्लरवर घातलेले पैसे वाया.

चालू कोण करणार

वेगाचा निरोप पोचला, पण 'फिर' असं अजून कोणी म्हणालेलं नाही. व्हीएफडीला त्यासाठी वेगळं टर्मिनल आहे, एफओआर. ते डीसीएमला टेकवलं की तो सुलटा फिरतो, सोडलं की थांबतो. पीडी००१ एक केलं की ही आज्ञा बाहेरून घेतली जाते. काही जण एफओआर-डीसीएममध्ये कायमची तार टाकतात आणि फक्त वेग शून्य करून स्पिंडल थांबवतात. हे करू नका. शून्य म्हणवलेलं व्होल्टेज क्वचितच शून्य असतं, आणि खालची मर्यादा १२० हर्ट्झ लावलेली असेल तर थांबण्याचा प्रश्नच येत नाही. बिट बदलताना हात तिथंच असतो.

तेव्हा मध्ये रिले किंवा पीसी८१७ सारखा ऑप्टोकप्लर. ऑप्टो वापरलात तर बोर्डाकडून ३३० ओहममधून त्याचा एलईडी पेटवा, पलीकडे कलेक्टर एफओआरला आणि एमिटर डीसीएमला. रिले वापरलात तर दोन सापळे आहेत. बाजारातले बरेचसे रिले मॉड्यूल उलट्या स्वभावाचे असतात, सिग्नल शून्य झाला की ओढतात. म्हणजे एम५ दिलं की स्पिंडल सुरू! व्हीएफडीला लावण्याआधी नुसता रिले जोडा आणि एम३, एम५ देऊन त्याची टकटक ऐका.

दुसरा सापळा माझ्या आवडीचा, कारण तो शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. ग्रबल १.१ मध्ये एनेबलसाठी, म्हणजे चालू-बंदच्या सिग्नलसाठी, कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ उघडून १३ नंबरची पिन वापरता येते. उनोवर याच पिनला तो छोटा पिवळा दिवा जोडलेला असतो, आणि बोर्ड रीसेट झाला की बूटलोडर तो दिवा लुकलुकवतो. कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरनं पोर्ट उघडलं की उनो रीसेट होतो. म्हणजे नुसतं 'कनेक्ट' दाबलं की रिले टक टक टक, आणि स्पिंडल एक हिसका देतो. मी कॉलेटचा, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीचा, पाना हातात घेऊन उभा होतो. आता एफओआरच्या तारेत एक साधा स्विच आहे, तो मी कनेक्ट झाल्यावरच वर करतो. इमर्जन्सी स्टॉपही त्याच तारेत, शिवाय त्याचा दुसरा संपर्क व्हीएफडीच्या इनपुटच्या कॉन्टॅक्टरला. व्हीएफडी आणि स्पिंडल यांच्यामध्ये मात्र स्विच किंवा कॉन्टॅक्टर कधीही नाही. चालू असताना यू-व्ही-डब्ल्यू तोडल्या की त्याचा ठणका व्हीएफडीच्या आउटपुटला बसतो.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, एवढे दुभाषे कशाला, सरळ आकडाच पाठवा ना. तसंही होतं. आरएस४८५ च्या दोन तारांवरून व्हीएफडीला थेट आकडा पाठवता येतो. लिनक्ससीएनसी आणि ग्रबलहॅलमध्ये ह्वानयांगची सोय आहे. मधली गळती संपते, पण साध्या उनोवरच्या साध्या ग्रबलला ते येत नाही.

चौथी पिन

स्पिंडल जोडायची वेळ आता आली. डोक्यावर चार पिनांचा गोल कनेक्टर असतो. तीन पिना यू-व्ही-डब्ल्यू, आणि चौथी अर्थ, असं आपण समजतो. मी स्वस्तात घेतलेल्या स्पिंडलची चौथी पिन आत कुठेच जोडलेली नव्हती. मला ते मीटरनं नाही, हातानं कळलं. पाऊस पडत होता, पायात रबरी चप्पल नव्हती, आणि स्पिंडलच्या अंगाला बोटं टेकल्यावर मुंग्या आल्या. व्हीएफडीच्या तुकड्यातुकड्यांच्या व्होल्टेजमुळे मोटरच्या बॉडीवर थोडी वीज येतेच. तिला जायला अर्थची वाट नसेल तर ती तुमच्यातून जाते, आणि वाइंडिंग बॉडीला टेकली तर मुंग्यांवर भागत नाही.

मीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक चौथ्या पिनवर, दुसरं स्पिंडलच्या बॉडीवर, जिथं धातू उघडा आहे तिथं. बीप आली तर ठीक. नाही आली तर वरचं झाकण उघडून आतून तार जोडा, किंवा निदान क्लँपच्या बोल्टला लग लावून वेगळी हिरवी तार व्हीएफडीच्या अर्थपर्यंत न्या. मशीनच्या फ्रेमचंही तसंच. आणि ही सगळी खटपट भिंतीतलं अर्थिंग खरं असेल तरच कामाची. सॉकेटमध्ये तिसरं भोक असतं म्हणजे मागे तार असतेच असं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या, त्याच फेरीत घरातल्या डिस्ट्रिब्युशन बोर्डापासून व्हीएफडीसाठी वेगळी जाड लाइनही ओढून घ्या. २.२ किलोवॉटचा ड्राइव्ह पूर्ण लोडवर १६ अँपियरच्या सॉकेटला झेपत नाही.

स्पिंडलची केबल शिल्डेडच हवी, आणि तिचं शिल्ड व्हीएफडीच्या अर्थला चांगलं घट्ट. व्हीआयची बारीक केबलही शिल्डेड, पण तिचं शिल्ड एकाच टोकाला बांधा. दोन्ही केबल एकाच ड्रॅग चेनमध्ये (मशीनबरोबर सरकणाऱ्या केबलच्या साखळीत) खेटून नेल्या की काय होतं? स्पिंडल सुरू झाला की लिमिट स्विच आपोआप लागतो, यूएसबी तुटते, तीन तासांचा जॉब पावणेतीन तासांवर मरतो. केबलमध्ये हातभर अंतर ठेवा, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

आता यू-व्ही-डब्ल्यू जोडा, पाण्याचा पंप चालू करा आणि बिट न लावता एम३ एस८०००. उलटा फिरला तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा, अर्थातच मेन बंद करून, चहा पिऊन.

पहिल्या खऱ्या जॉबआधी फाइलमध्ये एक ओळ बघा. एम३ नंतर ग्रबल थांबत नाही. व्हीएफडी दहा सेकंद घेऊन वेग धरत असतो आणि बिट दुसऱ्याच सेकंदाला लाकडात घुसतं. म्हणून एम३ नंतर जी४ पी१०, म्हणजे 'इतकं थांब', पाहिजे. ग्रबलमध्ये हे दहा सेकंद. हीच फाइल फानुकच्या मशीनवर नेली तर तिथं ते दहा मिलिसेकंद होतात, म्हणजे थांबलंच नाही.

वेगाचा उपयोग काय, तर एवढाच हिशेब: फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) भागिले आरपीएम, भागिले बिटचे दात. एमडीएफवर दोन दातांचं ६ मिलिमीटरचं बिट, १८,००० फेरे आणि मिनिटाला ३६०० मिलिमीटर फीड, तर प्रत्येक दात ०.१ मिलिमीटरची कपची काढतो. तेच २४,००० ला ०.०७५. कपची बारीक झाली की ती उष्णता बरोबर नेत नाही, उष्णता जॉबमध्येच राहते. अ‍ॅक्रिलिकचा तो गोडसर वास इथून येतो. मी आता अ‍ॅक्रिलिकला एका दाताचं बिट लावतो, १८,००० फेरे आणि १८०० फीड.

राहता राहिली एक शंका. व्हीएफडीवर १२,००० दिसतंय, म्हणजे स्पिंडल खरंच १२,००० फिरतोय का? त्या डिस्प्लेला स्पिंडल दिसत नाही. तो व्हीएफडीनं पाठवलेली फ्रिक्वेन्सी पीडी१४४ च्या हिशेबानं फेऱ्यांत करून दाखवतो, बस. खरं जाणायचं तर फोटो टॅकोमीटर आणा, कॉलेटच्या नटवर चकचकीत टेपचा तुकडा चिकटवा आणि लाल ठिपका त्यावर धरा. १२,००० ला थोडे कमी दाखवेल, पंपाच्या २८८० सारखंच. माझ्याकडे रिकाम्या स्पिंडलवर फरक इतका किरकोळ निघाला की मी कोष्टक बदललं नाही. मोजून झाल्यावर टेप काढा. मी एकदा विसरलो, आणि ती दुसऱ्या दिवशी देवघराच्या जाळीत, भुशाबरोबर फेव्हिकॉलमध्ये चिकटलेली सापडली.